मॅकेन्झी: एका आडनावाचा प्रवास आणि आपली आडनावं

  

आजचा विषय आहे आडनाव. पण सुरुवात आपल्या आडनावांपासून नाही करायची. सुरुवात करायची ती या देशात पावलोपावली भेटणाऱ्या एका आडनावापासून. तुमच्या ऑफिसात एखादा मॅकेन्झी असेलच. मुलांच्या वर्गात असेल. डॉक्टरांच्या दारावरच्या पाटीवर असेल. आणि दक्षिण बेटावर फिरायला गेलात, टेकापोच्या निळ्या तळ्याकाठी उभे राहिलात, तर तुम्ही ज्या मुलखात उभे आहात त्याचंच नाव आहे मॅकेन्झी कंट्री.

हे आडनाव आलं कुठून? त्याचा अर्थ काय? ते इतकं पसरलं कसं? आणि त्याचा तुमच्या-माझ्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि शेवटाकडे तो थेट मराठी बाराखडीपर्यंत जाऊन पोहोचतो. तेव्हा जरा धीर धरा.

स्कॉटलंडचा उत्तरेकडचा आणि पश्चिमेकडचा डोंगराळ भाग, ज्याला हायलँड्स म्हणतात, तिथली जुनी भाषा गेलिक. इंग्रजीशी तिचं जवळचं नातं नाही. ती आयर्लंडच्या भाषेची बहीण. या भाषेत 'मॅक' म्हणजे मुलगा. मॅकडोनाल्ड म्हणजे डोनाल्डचा मुलगा. तसा मॅकेन्झी म्हणजे कॉन्याखचा मुलगा. 'कॉन्याख' हे गेलिक नाव. इंग्रजीत त्याच्या जागी 'केनेथ' वापरतात. त्याचा अर्थ देखणा, गोरागोमटा. म्हणजे मॅकेन्झी याचा सरळ मराठी अर्थ झाला, 'देखण्याचा लेक'. मुलीसाठी मात्र 'मॅक' चालत नाही. गेलिकमध्ये लेकीच्या नावाला 'निक' लागतं. इंग्रजी कागदपत्रांत ते बहुतेक ठिकाणी गळून पडलं आणि सगळ्या बायकाही 'मॅक' झाल्या.

आता आपल्या नावांचा विचार करा. आपण आपलं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव लिहितो. मधलं नाव दर पिढीला बदलतं. गेलिक लोकांचंही पूर्वी असंच होतं. डोनाल्डचा मुलगा मॅकडोनाल्ड, पण त्याचं स्वतःचं नाव जॉन असेल तर त्याच्या मुलाची ओळख 'जॉनचा मुलगा' अशीच. पुढे सरकारी कागद, जमिनीचे करार, चर्चच्या नोंदी वाढल्या आणि एका टप्प्यावर हे 'अमक्याचा मुलगा' तिथंच गोठलं. जे आपल्याकडे मधलं नाव असतं, ते त्यांच्याकडे आडनाव होऊन बसलं. कल्पना करा, तुमच्या खापर-खापरपणजोबांचं 'गणेश' हे नाव आज तुमच्या घराचं आडनाव असतं. तसंच हे.

या घराण्याचा मूळ मुलूख रॉस-शायर, त्यातही पश्चिम किनाऱ्यावरचा किनटेल. तिथला आयलन डोनन नावाचा किल्ला मॅकेन्झी सरदारांच्या ताब्यात होता. तुम्ही म्हणाल, आम्ही कुठं पाहिलाय तो! पाहिलाय. 'कुछ कुछ होता है' या सिनेमाच्या शीर्षकगीतात पाण्यात उभा असलेला आणि दगडी पुलानं काठाशी जोडलेला जो किल्ला दिसतो, तोच हा.

सतराव्या शतकात या सरदारांचं बस्तान चांगलंच बसलं. १६०९ मध्ये त्यांना लॉर्ड ही पदवी मिळाली आणि १६२३ मध्ये सीफोर्थचे अर्ल. वैभव आलं की वंशावळही भारी लागते, हे आपल्याकडे काय आणि तिकडे काय, सारखंच. त्या काळात लिहिलेल्या घराण्याच्या इतिहासांत असं सांगितलं गेलं की मॅकेन्झींचा मूळपुरुष आयर्लंडच्या बड्या फिट्झजेराल्ड घराण्यातला होता. आजचे इतिहासकार ही कथा मानत नाहीत. हे घराणं तिथल्याच मातीतलं, गेलिक वंशाचं, असं ते सांगतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मॅकेन्झी आडनावाची सगळी माणसं एका रक्ताची नाहीत. सरदाराच्या जमिनीवर राहणारी, त्याच्यासाठी लढणारी कुळंसुद्धा त्याचंच आडनाव लावू लागली. त्यामुळे काही खोऱ्यांत इतके मॅकेन्झी झाले की माणूस ओळखायला टोपणनावं लागत: काळा, तांबडा, लांबड्या, अमक्या टेकडीवरचा. आपल्या गावात निम्मं गाव पाटील असलं की 'वरच्या आळीचे', 'विहिरीवाले' असं म्हणावं लागतं, तसंच.

आता या आडनावातल्या 'झ'ची गंमत ऐका. गेलिकमध्ये हे नाव 'मॅख कॉन्यिख' असं काहीसं उच्चारतात. त्यात 'झ' कुठंच नाही. मग तो आला कुठून?

जुन्या स्कॉट्स लिखाणात 'य'सारख्या आवाजासाठी एक वेगळं अक्षर होतं. नाव त्याचं 'योख'. दिसायला इंग्रजी तीनच्या आकड्यासारखं, खाली शेपटी असलेलं. हे नाव त्या अक्षरानं लिहीत आणि 'मॅकेन्यी'च्या जवळपास वाचत. पुढे छापखाने आले. छापखान्यात जे खिळे होते, त्यात हे अक्षर नव्हतं. मग जुळाऱ्यांनी काय केलं? त्याच्यासारखा दिसणारा खिळा उचलला आणि बसवला. तो होता 'झेड'. सुरुवातीला वाचणाऱ्यांना माहीत होतं की इथं झेड दिसला तरी 'य' म्हणायचं. पण नंतरच्या पिढ्यांनी जे दिसलं ते वाचलं आणि मॅकेन्यीचा मॅकेन्झी झाला.

हे फक्त याच नावाचं झालं नाही. 'मेन्झीज' हे आडनाव स्कॉटलंडमध्ये अजूनही काही लोक 'मिंगीस' असं उच्चारतात. शेजारच्या ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान रॉबर्ट मेन्झीज यांना लोक 'मिंग' म्हणत, ते त्यामुळेच.

म्हणजे आज जगभर लाखो लोक अभिमानानं जे नाव मिरवतात, त्याच्या मधोमध एक अक्षर बसलंय ते खिळा नव्हता म्हणून. आणि 'मॅक' पूर्ण लिहिलं की स्कॉटिश, नुसतं 'एम-सी' लिहिलं की आयरिश, असं कुणी तुम्हाला सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ते एकाच शब्दाचं लांब आणि आखूड रूप आहे. लिहिणाऱ्या कारकुनाला जे सोयीचं वाटलं, ते कागदावर आलं.

मग हे नाव घर सोडून इतकं लांब का आलं? काही जण नशीब काढायला निघाले. अलेक्झांडर मॅकेन्झी हा लुईस बेटावरच्या स्टॉर्नोवेचा. तो कॅनडात गेला, १७८९ मध्ये एका प्रचंड नदीच्या कडेकडेनं उत्तर समुद्रापर्यंत पोहोचला, आणि त्या नदीला त्याचं नाव मिळालं. त्याच स्टॉर्नोवेचा कॉलिन मॅकेन्झी १७८३ मध्ये मद्रासला उतरला. ईस्ट इंडिया कंपनीचा इंजिनिअर, पुढे १८१५ मध्ये हिंदुस्थानचा पहिला सर्व्हेअर जनरल. नकाशे काढता काढता त्यानं आपल्या भारतीय सहकाऱ्यांच्या मदतीनं हजारो हस्तलिखितं, शिलालेखांच्या नकला, गावोगावच्या कैफियती जमवल्या. त्या संग्रहात तमिळ, तेलुगू, कानडी कागदांबरोबर मराठी कागदही आहेत. म्हणजे मॅकेन्झी आणि मराठी यांची गाठ दोनशे वर्षांपूर्वीच पडली होती.

पण अनेक माणसं स्वखुशीनं निघाली नाहीत. अठराव्या शतकाच्या शेवटापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हायलँड्समधल्या जमीनदारांनी हिशेब मांडला की कुळांपेक्षा मेंढ्यांत जास्त पैसा आहे. मग खोरीच्या खोरी रिकामी केली गेली. घरांवरची छपरं उतरवली, माणसांना समुद्रकाठी किंवा जहाजावर लोटलं. यातली कडू गोष्ट अशी की काही ठिकाणी घालवणारा जमीनदारही मॅकेन्झी होता आणि घालवले गेलेलेही मॅकेन्झी. एक आडनाव असलं की माणसं एकमेकांना सांभाळून घेतात, हा समज तिथं पार मोडून पडला.

आता आपण न्यूझीलंडला येऊ. इथं या आडनावाच्या तीन माणसांची गोष्ट सांगतो.

पहिला माणूस जेम्स मॅकेन्झी. मेंढपाळ, गुरं हाकणारा, मातृभाषा गेलिक. ४ मार्च १८५५ या दिवशी कँटरबरीच्या आतल्या डोंगराळ भागात एका खिंडीत तो सापडला, आणि त्याच्याबरोबर सापडल्या हजार मेंढ्या. त्या मेंढ्या टिमारूजवळच्या 'द लेव्हल्स' नावाच्या मोठ्या स्टेशनच्या होत्या. 'स्टेशन' म्हणजे इथल्या भाषेत मेंढ्यांचा मोठा मळा, हे तुम्हाला आता ठाऊक झालंच असेल. त्याला पकडणारा होता स्टेशनचा मुकादम जॉन साइडबॉटम, आणि त्याच्या सोबतीला दोन माओरी मेंढपाळ होते. त्यांची नावं टाइको आणि सेव्हन्टीन अशी नोंदलेली आहेत.

त्याच रात्री जेम्स निसटला. डोंगरदऱ्यांतून चालत चालत तो थेट लिटलटन बंदरापर्यंत गेला आणि तिथं पोलिसांच्या हाती लागला. पाच वर्षं सक्तमजुरी झाली. रस्त्याच्या कामावरून तो दोनदा पळाला आणि दोन्ही वेळा पकडला गेला. मात्र स्वतः मेंढ्या चोरल्याचं त्यानं कधीच कबूल केलं नाही. मला दुसऱ्यानं मेंढ्या हाकायला लावलं होतं, असं त्याचं म्हणणं. पुढे तपासात आणि खटल्यात त्रुटी असल्याचं दिसून आलं आणि जानेवारी १८५६ मध्ये त्याला माफी मिळाली. त्यानंतर तो हा देश सोडून गेला.

माणूस गेला, नाव राहिलं. ज्या खिंडीत तो सापडला ती मॅकेन्झी पास, आणि पलीकडचा सगळा विस्तीर्ण पठारी मुलूख मॅकेन्झी कंट्री. लोकांनी त्याच्या भोवती कथा रचल्या. त्याची कुत्री 'फ्रायडे' म्हणे फक्त गेलिक हुकूम ऐकायची आणि मालक नसतानाही मेंढ्या हाकायची. फेअरली गावात आज त्याचा आणि त्याच्या कुत्रीचा पुतळा आहे. टेकापोच्या तळ्याकाठचा कुत्र्याचा पुतळा मात्र फ्रायडेचा नव्हे. तो त्या मुलखातल्या सगळ्याच राखण्या कुत्र्यांसाठी उभारलेला आहे. पुढच्या वेळी तिथं मुलांचा फोटो काढाल तेव्हा एवढं सांगा.

आणि मॅकेन्झी पासला गेलात तर तिथला स्मृतिस्तंभ पाहा. त्याच्यावरचा मजकूर तीन भाषांत आहे: इंग्रजी, माओरी आणि गेलिक. पकडणारे, पकडून देणारे आणि पकडला गेलेला, तिघांच्या भाषा एका दगडावर.

पण इथं एक गोष्ट विसरून चालणार नाही. जेम्सनं हा मुलूख 'शोधला' असं सर्रास म्हटलं जातं. तो मुलूख काही हरवलेला नव्हता. न्गाई ताहू लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथं उन्हाळ्यात येत, ईल मासे आणि पक्षी धरत. त्यांच्यासाठी त्याचं नाव ते मानाहुना. १८४८ मध्ये ब्रिटिश सरकारनं केम्पच्या करारानं त्यांच्याकडून दक्षिण बेटाचा प्रचंड भाग अवघ्या दोन हजार पौंडांत घेतला, आणि त्यांच्यासाठी राखून ठेवायच्या जमिनींचं आश्वासन नीट पाळलं नाही. तो हिशेब मिटवायला १९९८ साल उजाडलं. एक आडनाव नकाशावर चढतं, तेव्हा त्याच्याखाली दुसरं नाव झाकलं जातं.

दुसरा माणूस जॉन मॅकेन्झी. जन्म १८३९, रॉस-शायरमधल्या आर्ड्रॉसचा. घरची भाषा गेलिक. १८४५ मध्ये जवळच्या ग्लेनकॅल्व्ही खोऱ्यातल्या लोकांना घराबाहेर काढलं गेलं. जायला जागा नाही म्हणून त्यांनी क्रॉइक गावच्या चर्चच्या कबरस्तानात कापडी आडोसे करून मुक्काम केला, आणि चर्चच्या खिडक्यांच्या काचांवर आपली कैफियत कोरून ठेवली. ती अक्षरं आजही तिथं आहेत. वडिलांबरोबर गेलेल्या लहानग्या जॉननं ती माणसं पाहिली. वय सहाच्याही आत.

१८६० मध्ये तो ओटागोला आला. मेंढपाळ म्हणून राबला, मग स्वतःची शेती, मग १८८१ मध्ये पार्लमेंट. १८९१ मध्ये तो जमीन खात्याचा मंत्री झाला आणि त्यानं मोठमोठ्या जमीनदारांच्या इस्टेटी सरकारनं विकत घेऊन लहान शेतकऱ्यांना वाटायचा सपाटा लावला. १८९३ मध्ये कँटरबरीतली चेविअटची चौऱ्याऐंशी हजार एकरांची इस्टेट घेतली गेली. जिथं मेंढ्या आणि एका मालकाचं घर होतं, तिथं शेकडो माणसांची वस्ती झाली. कबरस्तानात पाहिलेलं त्यानं आयुष्यभर मनात धरलं होतं.

हे ऐकून उर भरून येतो, पण गोष्ट इथं संपत नाही. त्याच मंत्र्याच्या काळात, त्याच धोरणाचा भाग म्हणून, उत्तर बेटावर माओरी लोकांच्या लाखो एकर जमिनी सरकारनं स्वस्तात घेतल्या आणि गोऱ्या वसाहतवाल्यांना दिल्या. ज्यानं लहानपणी आपल्या लोकांचं उठवलं जाणं पाहिलं, त्याच्याच हातून दुसऱ्यांच्या पायाखालची जमीन सरकली. मंडळी, आपणही या देशात बाहेरून आलेले आहोत. स्वतःचं दुःख लक्षात राहणं सोपं असतं. त्या दुःखाच्या चष्म्यातून दुसऱ्याचं दिसणं अवघड. म्हणून जॉन मॅकेन्झीची गोष्ट मुलांना सांगायची झाली तर पूर्ण सांगावी.

तिसरा माणूस सांगण्याआधी थोडं उत्तरेला, वाईपूला जाऊन येऊ. वांगारेईच्या दक्षिणेला असलेलं हे गाव तुमच्यापैकी अनेकांनी समुद्रकिनाऱ्यासाठी पाहिलं असेल. १८१७ मध्ये नॉर्मन मॅक्लाउड नावाचा कडक शिस्तीचा धर्मोपदेशक हायलँड्स सोडून कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात गेला. त्याच्याभोवती गेलिक माणसं जमली. तिथं बटाट्याचं पीक बुडालं, उपासमार झाली, तेव्हा १८५१ पासून त्यांनी स्वतः बांधलेल्या जहाजांतून ऑस्ट्रेलिया गाठली आणि तिथून न्यूझीलंड. आठशेहून जास्त माणसं अशी वाईपूच्या परिसरात आली. मॅक्लाउड, मॅकेन्झी, मॅकग्रेगर, मॅके, मॅक्लीन. एका आयुष्यात दोन महासागर ओलांडलेली म्हातारी माणसं त्यांत होती.

ती आली तेव्हा घरात गेलिक, चर्चमध्ये गेलिक, भांडणही गेलिकमध्ये. १८७१ पासून तिथं दर नववर्षाला हायलँड गेम्स होतात आणि ते आजही चालू आहेत. झगे, बॅगपाइप, ओंडके फेकणं, सगळं आहे. नाही ती फक्त भाषा. शाळा इंग्रजी, बाजार इंग्रजी, सरकार इंग्रजी. कुणी बंदी घातली नव्हती. आईवडिलांना वाटलं, मुलांना पुढे जायचंय, इंग्रजी पक्कं होऊ दे. आजी-आजोबा गेलिक बोलत, आईवडिलांना कळे, नातवंडांना कळेना. आडनाव मात्र प्रत्येकाकडे आहे.

ही पायरी नीट पाहा. नाव टिकलं, अर्थ गेला. मॅकेन्झी म्हणजे 'देखण्याचा लेक' हे आज किती मॅकेन्झींना ठाऊक असेल? नाव सांगणारी भाषाच घरातून गेली की आडनाव म्हणजे दारावरची पाटी उरते, आत कुणी राहत नसलेल्या घराची.

आता तिसरा माणूस. क्लुथा मॅकेन्झी. त्याचे वडील थॉमस मॅकेन्झी १९१२ मध्ये थोडे महिने न्यूझीलंडचे पंतप्रधान होते. मुलाचा जन्म १८९५ मध्ये बालक्लुथा गावी, क्लुथा नदीच्या काठचा. 'क्लुथा' हे स्कॉटलंडच्या क्लाइड नदीचं गेलिक नाव. म्हणजे याचं नाव आणि आडनाव दोन्ही गेलिक. तशी ती नदी माओरींची माता-आउ.

पहिल्या महायुद्धात क्लुथा गॅलिपोलीला गेला. ऑगस्ट १९१५ मध्ये चुनुक बैरच्या लढाईत त्याचे दोन्ही डोळे गेले. वय वीस. घरी परतल्यावर त्यानं अंधांच्या शिक्षणाला आणि रोजगाराला वाहून घेतलं. न्यूझीलंडमधल्या अंधांच्या संस्थेचा तो प्रमुख झाला आणि १९३५ मध्ये 'सर' झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो हिंदुस्थानात आला. युद्धात दृष्टी गमावलेल्या भारतीय सैनिकांसाठी डेहराडूनला काम केलं. १९४४ मध्ये हिंदुस्थानातल्या अंधत्वाविषयीचा जो अहवाल निघाला, त्यामागे त्याचे कष्ट होते.

त्या वेळी आपल्याकडे ब्रेल एक नव्हती. प्रांताप्रांतात, संस्थेसंस्थेत वेगवेगळे ठिपके. एका ठिकाणी शिकलेल्याला दुसरीकडचं पुस्तक वाचता येईना. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये सगळ्या भारतीय भाषांसाठी एकच पद्धत ठरली, भारती ब्रेल. जगभरच्या ब्रेल लिप्यांमध्ये मेळ घालायचं जे काम युनेस्कोनं हाती घेतलं होतं, त्याच्या मध्यभागी होते सर क्लुथा मॅकेन्झी. त्यांनी लिहिलेला जगातल्या ब्रेलचा आढावा युनेस्कोनं १९५३ मध्ये छापला.

आज पुण्या-मुंबईतलं अंध मूल बोटांनी मराठी वाचतं, ते या भारती ब्रेलमध्ये. 'क' हिंदीत, बंगालीत, तमिळमध्ये एकच. आणि मराठीला लागणाऱ्या 'ळ'ला त्यात स्वतःचं स्वतंत्र चिन्ह आहे.

मुद्दाम 'ळ'चं नाव घेतलं. कारण रोमन लिपीत आपल्या 'ळ'ला जागा नाही. मॅकेन्झींच्या 'योख'चा खिळा नव्हता, तसाच आपल्या 'ळ'चा नाही. मग काळे 'केल' होतात. दवाखान्यात नर्स बाहेर येऊन भाजीचं नाव घेते आणि आपले काळेकाका उठून उभे राहतात. माने 'मेन' होतात, दाते 'डेट', साने 'सेन', गोरे 'गोअर', मोरे 'मोअर'. पहिली दोन वर्षं आपण उच्चार सुधारतो. मग कंटाळा येतो. मग फोनवर आपणच 'केल' म्हणतो, काम लवकर होतं म्हणून. त्यात गैर काही नाही. रोजची कामं व्हायलाच हवीत. पण मुलगा वर्गात स्वतःची ओळख 'केल' अशी करून द्यायला लागतो, तेव्हा तो 'जे दिसलं ते वाचणारी' पिढी झालेला असतो. तिथं आपला झेड बसला म्हणून समजा.

स्पेलिंग बिघडलं म्हणून काही नाव मरत नाही, हे मॅकेन्झींनीच दाखवलं. चुकीच्या अक्षरासकट ते नाव नदीला, खिंडीला, मुलखाला लागलं. नाव मरतं ते गोष्ट सांगणारा घरात उरला नाही की. आपल्या आडनावांत केवढं भरलंय बघा. 'कर' लागलेल्या आडनावात एक गाव आहे. कुलकर्णी, देशपांडे, देशमुख, पाटील यांत एक जुनं काम आहे, वतन आहे. सुतार, लोहार, कुंभार यांत हातातली कला आहे. आणि काही आडनावांमागे त्रासही आहे. त्या नावामुळे ज्यांना अपमान सोसावा लागला, त्यांनी ते बदललं असेल, तर तीही गोष्टच आहे, आणि ती सांगायलाही धैर्य लागतं. वाईपूच्या लोकांनी काय राखलं आणि काय जाऊ दिलं, हे आपल्यासमोर आहे. आपली इथली पहिली किंवा दुसरीच पिढी आहे. आजी-आजोबा अजून फोनवर भेटतात. आपल्याकडे वेळ आहे, पण फार नाही.

म्हणून एक छोटं काम सांगतो. या शनिवार-रविवारी एक वही घ्या. मुलांना जवळ बसवा. वहीत आपलं आडनाव देवनागरीत लिहा, मुलांच्याच हातानं. खाली तीन गोष्टी लिहा. एक, याचा उच्चार कसा करायचा, आणि तो मुलांकडून मोठ्यानं म्हणवून घ्या. दोन, हे नाव आलं कुठून: गाव, काम, माणूस, जे असेल ते. माहीत नसेल तर तिथंच फोन लावा, घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला. तीन, या नावाच्या माणसांनी केलेली एक गोष्ट, अभिमानाची असो वा पश्चात्तापाची. आणि मधलं नाव विसरू नका. आजोबांचं नाव, पणजोबांचं नाव, आणि आजीचं, पणजीचं माहेरचं नावसुद्धा. गेलिक लेकींचं 'निक' कागदावरून पुसलं गेलं. आपल्या लेकींचं पुसलं जाऊ देऊ नका.

मग पुढच्या सुट्टीत दक्षिणेला जाल तेव्हा टेकापोच्या काठी रात्री आकाश बघायला थांबालच. २०१२ पासून तो भाग गडद आकाशाचा राखीव प्रदेश म्हणून जाहीर झालेला आहे. तिथं मुलांना विचारा, या मुलखाची नावं किती? ते मानाहुना. मॅकेन्झी. आणि सांगा, दोन्ही नावांत माणसं आहेत.

तुमच्या आडनावाची गोष्ट आम्हाला जरूर कळवा, मराठीत लिहा, चुका झाल्या तरी चालतील. निवडक गोष्टी आपण येत्या भागांत वाचून दाखवू. तोपर्यंत काळजी घ्या, मराठी बोलत राहा, आणि कुणी नाव चुकीचं घेतलं तर हसून, पण एकदा तरी, बरोबर करून सांगा. भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार, आणि का किते आनो!